मदत हवी आहे: आईच्या तळपायावरचा काळा डाग, इंदूरमध्ये कोणाला दाखवावा?

नमस्कार मंडळी. आई ६८ वर्षांची, सावळी. दिवाळीत अभ्यंगाच्या आधी तिच्या पायाला तेल लावताना डाव्या टाचेजवळ डाग दिसला. एका बाजूला काळाकुट्ट, दुसरीकडे फिकट तपकिरी, कड शाई फुटल्यासारखी. आता तो पेन्सिलच्या मागच्या टोकाहून, म्हणजे ६ मिलिमीटरहून, मोठा झालाय. जवळच्या डॉक्टरांनी न खरवडता, न तपासता ‘कुरूप आहे’ म्हणून पट्टी दिली. आई म्हणते, खजराण्याच्या गणपतीला अनवाणी जाते, खडा टोचला असेल.

माझं मन मानत नाही. मेलानोमा, म्हणजे त्वचेचा एक कॅन्सर, गोऱ्यांचा आजार, असं मीही समजत होते. पण सावळ्या त्वचेत त्याचा अ‍ॅक्रल प्रकार तळवे, तळपाय आणि नखांखाली होतो, उन्हाशी त्याचा फारसा संबंध नसतो. गायक बॉब मार्लेच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच निघाला होता, १९८१ मध्ये तो ३६ व्या वर्षी गेला. नखावर नवी काळी रेघ उमटून रंग कातडीवर उतरला, तरी दाखवायलाच हवं.

इंदूरमध्ये डर्मोस्कोपी (खास भिंगातून डाग मोठा करून पाहणं) करणारे त्वचारोगतज्ज्ञ कोणाला माहीत आहेत का? तळपायाची बायप्सी (तुकडा काढून तपासणी) कोणाकडे झाली असेल, तर किती दिवस पाय टेकवता आला नाही? मावशी म्हणते, सुई लावली की पसरतं. तसं नसतं हे मला ठाऊक आहे, पण आईला अनुभवी माणसाकडून ऐकायचंय. कोणी तिच्याशी फोनवर बोलेल का?