नायट्रेट ८० च्या खाली येतच नाही (खाऱ्या पाण्याची छोटी टाकी). मदत हवी आहे

घोडबंदर
नमस्कार. थेट मुद्द्यावर येतो. खाऱ्या पाण्याची टाकी आहे, आठ महिने झाले. नायट्रेट लिटरला ८० मिलिग्रॅमवर अडकलंय. दर रविवारी न चुकता पाणी बदलतो, तरी महिनाभर हाच आकडा. झोआ (फुलांसारखे दिसणारे, प्रवाळांच्या जातकुळीतले जीव) पंधरा दिवस मिटून बसलेत, काचेवर हिरवं चढतंय. दुकानदाराने फिल्टरमध्ये ठेवायची नायट्रेट शोषणारी मीडिया दिली, १८०० रुपये गेले. चार दिवस फरक पडला, मग जैसे थे. काय करू? ज्यांनी स्वतः समुद्री टाकी सांभाळली आहे त्यांनीच सांगा, प्लीज लवकर.

मत्स्यगंधा
टाकी किती लिटरची? मासे किती, कोणते? फिल्टर कुठला? खायला काय आणि किती वेळा? आणि "पाणी बदलतो" म्हणजे किती? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

घोडबंदर
४५ लिटर, दगड-वाळू वजा जाता ४० लिटर पाणी. दोन क्लाउन, एक डॅमसेल. मागे टांगायचा फिल्टर, स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र) नाही. फ्रोझन कोळंबी दिवसातून दोनदा. दर रविवारी ४ लिटर बदलतो. पाणी आरओचंच, क्षारता १.०२५. पाण्यात काही खोट नाही, ते सोडून बोला.

सागरगोटा
सोपा उपाय, मी तीन वर्षं करतोय: व्होडका. रोज थेंब मोजून घालायची. बॅक्टेरिया त्यातला कार्बन खातात, वाढताना नायट्रेट आणि फॉस्फेट उचलतात. माझं ५० चं ५ वर आलं.

मत्स्यगंधा
सागरगोटा, तुमची टाकी ३०० लिटरची आहे आणि तिला दणकट स्किमर आहे, हे तुम्हीच मागे लिहिलं होतं. वाढलेले बॅक्टेरिया स्किमर बाहेर काढतो. यांच्याकडे स्किमरच नाही. ४० लिटरमध्ये दोन थेंब जास्त पडले तर पाणी दुधाळ होईल, रात्रीत ऑक्सिजन घसरेल आणि सकाळी मासे मेलेले दिसतील. कृपया असं सरसकट सांगू नका.

घोडबंदर, फिल्टरचा स्पंज शेवटचा कधी धुतला? कोळंबी वितळवून गाळून घालता की बर्फासकट?

सागरगोटा
सरसकट नाही सांगितलं, थेंब मोजून म्हटलंय. कमी मात्रेने सुरुवात केली तर छोट्या टाकीतही चालतं.

घोडबंदर
स्पंज महिन्यातून एकदा. कोळंबी बर्फासकट. दुपारी मी ऑफिसात असतो तेव्हा आई पण थोडं घालते, ते धरलं नव्हतं.

मत्स्यगंधा
म्हणजे तिनदा. आईंना रागावू नका, पण दुपारचं बंद. कोळंबी चहाच्या गाळणीत धरून धुवा, ते पाणी टाकीत नको. स्पंज आठवड्याला, टाकीतून काढलेल्याच खाऱ्या पाण्यात पिळा. अडकलेलं अन्न कुजून अमोनिया, त्याचं नायट्राइट, त्याचं नायट्रेट होतं, आणि पुढे नायट्रोजन वायू करणाऱ्या बॅक्टेरियांना ऑक्सिजन नसलेली जागा लागते. ती दगडाच्या पोटात असते, स्पंजात नाही.

खेकडा_मालवणी
एवढा खटाटोप कशाला? आमच्याकडे या, किनाऱ्यापासून आत होडीतून कॅन भरून न्या. निसर्गाचं पाणी, नायट्रेट जवळजवळ शून्य. येताना प्रवाळाचा एखादा दगड पण आणा, बॅक्टेरिया फुकट.

मत्स्यगंधा
खेकडादादा, पाण्याचं ठीक, पण दगडाचं नको. दगड बनवणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. तुटलेला तुकडाही उचलू नये.

खेकडा_मालवणी
मेलेलो तुकडो पण नाय? बरं, माहीत नव्हतं. धन्यवाद ताई.

वाटसरू
याच टाकीत गोल्डफिश ठेवता येईल का? भाचीला हवा आहे.

नानाकाका
वाटसरू, नाही. गोल्डफिश गोड्या पाण्यातला.

घोडबंदर, पाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी झाली, म्हणून विचारतो. एक, नायट्रेट चाचणीच्या किटची दुसरी बाटली जोरात हलवता का? पुष्कळ किटमध्ये त्यातली पूड तळाशी बसते आणि वाचन चुकतं. दोन, तुमच्या आरओला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर आहे का? चवीसाठी तो थोडं कच्चं पाणी शुद्ध पाण्यात परत मिसळतो. तीन, इमारतीत पाणी पालिकेचं की टँकरचं? आरओच्या नुसत्या पाण्याची, मीठ घालण्याआधी, नायट्रेट चाचणी करा. किटमध्ये गोड्या पाण्याचं कार्ड वेगळं असेल तर ते वापरा.

घोडबंदर
पाणी सोडून बोला म्हटलं होतं ना? बाटली हलवतो. बाकी बघतो.

घोडबंदर
नानाकाका, माफ करा. आत्ता चाचणी केली. आरओच्या पाण्यात नायट्रेट २०. टीडीएस ११०. टँकर आणि बोअर मिसळून येतं आमच्याकडे. मशीनला तो कंट्रोलर आहे, बसवणाऱ्याने कधी सांगितलंच नाही.

नानाकाका
माफी कशाची. आता हिशेब बघा. ८० पैकी दहावा हिस्सा काढलात, उरले ७२. नव्या पाण्यातून आले २, झाले ७४. अन्न, विष्ठा वगैरेंतून आठवड्याला ६ वाढले की परत ८०. तुम्ही जन्मभर रविवार पाळलात तरी आकडा तिथेच राहील. शिवाय उडून गेलेल्या पाण्याच्या जागी रोज काय घालता?

घोडबंदर
तेच आरओ, रोज अर्धा लिटर.

नानाकाका
पाणी उडतं, नायट्रेट मागे राहतं. म्हणजे त्या सहामधले पावणेदोन तिथूनच येतात. कंट्रोलर पूर्ण बंद करून घ्या आणि टाकीपुरतं पाणी डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार शोषणारे मणी) काढा, टीडीएस शून्य येईपर्यंत. मग दर चौथ्या दिवशी १० लिटर बदला, तापमान आणि क्षारता जुळवून. एकदम सगळं बदललं तर झोआ आणखी बिथरतील.

सागरगोटा
आणि २० वर आलं की मग व्होडका...

मत्स्यगंधा
नाही. २० वर आलं की मागच्या फिल्टरमध्ये दिवा लावून मूठभर किटोमॉर्फा शेवाळ. ते वाढलं की अर्धं काढून टाकायचं, नायट्रेट त्याच्यासोबत बाहेर. आणि पार शून्याच्या मागे लागू नका, झोआंना ५ ते १० चालतं.

घोडबंदर
तीन आठवडे झाले. पाच वेळा १० लिटर बदललं. आज रंग ४० आणि २० च्या मधे. झोआ निम्मे उघडलेत, फोटो उद्या टाकतो. सर्वांचे आभार.

एक वेगळंच विचारायचं आहे. काल सहज नळाचं पाणी तपासलं, रंग ४० च्या कार्डापेक्षा बराच गडद आला. दुसऱ्या मजल्यावर तीन महिन्यांचं बाळ आहे, ते लोक नळाचं पाणी उकळून पावडरचं दूध करतात. चालतं ना?

नानाकाका
नाही, आजच जाऊन सांगा. उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटलं की उलट वाढतं. पिण्याच्या पाण्याची आपली मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि इतक्या लहान बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद त्याने कमी होते, ओठ-नखं निळी पडतात. तसं दिसलं तर लगेच डॉक्टर. तोवर दुधाला खात्रीचं बाटलीबंद पाणी. किटवर विसंबू नका. स्वच्छ बाटलीत थेट नळाखाली एक लिटर भरा, बर्फाच्या डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्या. बोअर आणि टँकरचे नमुने वेगवेगळे.

घोडबंदर
खाली जाऊन आलो. त्यांनी पाणी बदललं, बाळ ठीक आहे. सेक्रेटरींना फोन केलाय, उद्या सकाळी टँकर आला की तिन्ही नमुने घेतो.