चला त्रिनिदादला: फॅमिली ग्रुपवरची चर्चा

ताई: सगळ्यांनी वाचा. दादाकडे टोरांटोला जायचं ठरलंच आहे, तर तिथूनच आठ दिवस वेस्ट इंडीजमधलं त्रिनिदाद बेट. थेट विमान आहे. फेब्रुवारीत की मेमध्ये, एवढं आज ठरवू.

छोटू: फेब्रुवारी! ८ आणि ९ फेब्रुवारी २०२७ ला कार्निव्हल आहे. सोमवारी पहाटे अंधारातच लोक अंगाला चिखल नि रंग फासून रस्त्यावर उतरतात. त्याआधी पॅनोरमा, म्हणजे स्टीलपॅनच्या पथकांची स्पर्धा. तेलाची पिंपं ठोकून घडवलेलं वाद्य आहे ते, राजधानी पोर्ट ऑफ स्पेनच्या गरीब वस्त्यांत जन्मलेलं. सहा वर्षं ढोलपथकात वाजवतोय मी, मला ते समोर उभं राहून ऐकायचंय.

वहिनी: फेब्रुवारीत मुलांची परीक्षा तोंडावर असते. शिवाय टोरांटोत बर्फ, आत्यांना झेपायचा नाही. आणि कार्निव्हलच्या दिवसांत हॉटेलं महाग होतात.

दादा: मे अखेर घ्या. ३० मे हा तिथला ‘इंडियन अरायव्हल डे’, सरकारी सुट्टी. १८४५ साली याच तारखेला ‘फतेल रझाक’ जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन पोर्ट ऑफ स्पेनला लागलं. उसाच्या मळ्यांसाठी करारावर नेलेली माणसं. बहुतेक भोजपुरी मुलखातली.

आत्या: म्हणजे आपली मराठी नव्हेत ना?

दादा: नाही आत्या. पण वडिलांच्या आईवडिलांना त्यांचे वंशज अजून आजा-आजीच म्हणतात.

आत्या: अगबाई! मग मला भेटायचंय त्यांना.

ताई: आत्या, तुमच्यासाठी अजून एक. कारापिचायमा गावात दत्ताचं मंदिर आहे, बाहेर ८५ फुटी हनुमान. तिथून जवळच वॉटरलूला समुद्रातलं देऊळ. सिवदास साधू नावाच्या ऊसमजुराने ते बांधलं. आधी त्याने किनाऱ्यावर बांधलं होतं, जमीन साखर कंपनीची म्हणून ते पाडलं आणि त्यालाच तुरुंगात टाकलं. सुटल्यावर त्याने ठरवलं, जमीन तुमची, समुद्र तर कोणाचा नाही. ओहोटीला सायकलवरून दगड आणि सिमेंट नेऊन पाण्यात भर घालत राहिला. पंचवीस वर्षं. आता तिथवर पक्की वाट आहे, आत्यांना चालत जाता येईल.

आत्या: 🙏 मी येणार. मे म्हणजे मे.

नाना: आता माझं ऐका. एक पूर्ण दिवस क्वीन्स पार्क ओव्हल या क्रिकेटच्या मैदानासाठी ठेवा. मार्च १९७१. वाडेकर कॅप्टन. वेस्ट इंडीजला कसोटीत आपण कधी हरवलंच नव्हतं, ते याच मैदानावर हरवलं, सात गडी राखून. सरदेसाईंच्या ११२, आपल्या मडगावचा माणूस. गावसकरची पहिलीच कसोटी, ६५ आणि नाबाद ६७. दुसऱ्या डावात दुराणीने लॉइड आणि सोबर्स दोघांना काढलं. पुढे एप्रिलमध्ये तिथेच गावसकरने १२४ आणि २२० केल्या, दात दुखत असताना. तिथल्या कॅलिप्सो (तिथली लोकगाणी) गायकाने त्याच्यावर गाणं रचलं. हरलेल्या संघाच्या गावात जिंकणाऱ्यावर गाणं! तेव्हापासून मला ते गाव बघायचंय. मॅच नसली तरी चालेल, नुसतं स्टँडमध्ये बसू द्या.

छोटू: नाना, मे पक्का. 🙌 मी कार्निव्हल सोडला. पॅनयार्डात, म्हणजे स्टीलपॅन पथकं सराव करतात तिथे जाऊ, पथकांना आधी विचारून.

वहिनी: मेमध्ये चामडी पाठीची मोठाली कासवं ग्रांड रिव्हिएरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. वेळासला आपण पिल्लं समुद्रात जाताना पाहिली, इथे आई दिसेल. परवाना आणि वाटाड्या लागतो, पांढरा टॉर्च अजिबात नाही.

ताई: खाण्याची काळजी नको. डबल्स म्हणजे दोन मऊ तळलेल्या, पुरीसारख्या बाऱ्यांमध्ये छोल्यांसारखा चन्ना, सकाळी गाडीवर मिळतो, पूर्ण शाकाहारी. तिखट सॉस मात्र ‘स्लाइट’, म्हणजे अगदी थोडा सांगा, तो जहाल असतो.

दादा: आता कामाचं. भारतात परतताना पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लसीचं प्रमाणपत्र लागतं. पीतज्वराचा धोका असलेल्या देशांच्या यादीत त्रिनिदाद आहे, नसलं तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. प्रवासाला निघण्याच्या किमान दहा दिवस आधी लस घ्यायची, ती फक्त सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. साठीच्या पुढच्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. नाना, आत्या, हे तुमच्यासाठी.

वहिनी: आणि सुरक्षिततेचं?

दादा: पोर्ट ऑफ स्पेनच्या काही भागांत गुन्हेगारी आहे, आणीबाणीही लागू झाली होती. ओळखीच्या ड्रायव्हरची गाडी करू, रात्री पायी फिरायचं नाही. तिकिटं काढण्याआधी प्रवाशांसाठीच्या सुरक्षा-सूचना पुन्हा बघतो.

ताई: मग ठरलं. २६ मे ते २ जून. व्हिसाचं शनिवारी बसून बघू.

नाना: सोमवारीच डॉक्टरांकडे जातो. आत्या, तू पण चल, येताना तुझी फाइल घे.