स्लाइड गिटार: मींड की घसीट?

पाचवी तार: ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, कधीच न ऐकलेल्या मित्रांसाठी मराठीत एक टिपण लिहितोय, काय ऐकावं आणि कुठून सुरुवात करावी याचं. स्लाइड गिटार वाजवणाऱ्या ब्लाइंड विली जॉन्सनबद्दल लिहिलं, 'गिटारवर मींड घेत तो स्वतःच्याच गुणगुणण्याला साथ करतो.' सतार शिकलेल्या मावसबहिणीने 'मींड' खोडून 'घसीट' केलं. माझ्या कानाला ते खटकतंय. बरोबर काय?

जव्हारी: बहिणीचं बरोबर आहे. मींड म्हणजे बोट त्याच पडद्यावर (दांडीवरच्या स्वराच्या पट्टीवर) ठेवून तार आडवी खेचायची. तारेवरून सरकत दुसऱ्या पडद्यावर गेलात की ती घसीट. स्लाइडवाला तार खेचतच नाही, काचेची किंवा धातूची नळी तारेवरून फिरवतो. खरी मींड हवी तर बी. बी. किंग ऐकवा. तो स्लाइड वाजवत नसे. आईच्या नात्यातल्या बुका व्हाइटच्या स्लाइडसारखा आवाज नुसत्या बोटांनी काढायला गेला, त्यातून त्याचं ते कंपन आलं. त्याचा १९६५चा अल्बम 'लाइव्ह ॲट द रीगल' टिपणात हवाच.

मध्यसप्तक: हे झालं सतारीपुरतं. गाण्यात मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड जाणं. गळ्यात कुठली तार खेचायची? विली जॉन्सनच्या १९२७च्या 'डार्क वॉज द नाइट'च्या ध्वनिमुद्रणात शब्द जवळजवळ नाहीतच, नुसता हुंकार आणि गिटार. गिटार गळ्यामागून जाते, म्हणून मींडच. १९७७च्या व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या तबकडीवर ते गाणं आणि केसरबाई केरकरांची भैरवी, दोन्ही आहेत. एकापाठोपाठ एक ऐका, मग बोलू.

शब्दवेडा: घसीट हिंदीतून आलाय. आपल्याकडे 'घासणे'वरून झाला तो 'घसट', आणि त्याचा अर्थ सलगी! 'सरक' म्हणा. सरकणे सगळ्यांना कळतं.

जव्हारी: 'सरक' कोण वाजवतो? वाजवणारे घसीट म्हणतात. शब्द त्यांचा.

लोकल डब्बा: सरळ 'स्लाइड' लिहा ना. साधारण १९०३मध्ये मिसिसिपीतल्या टटवायलरच्या रेल्वे स्टेशनात डब्ल्यू. सी. हँडीने एकाला तारांवर सुरी दाबून गिटार वाजवताना ऐकलं. हँडी कसलेला बँडवाला, पण त्यालाही ते सांगताना हवाईयन गिटारवाल्यांचा दाखला द्यावा लागला. आपण शंभर वर्षांनी नवा शब्द कशाला पाडायचा?

शब्दवेडा: सगळंच इंग्रजीत ठेवायचं तर टिपण मराठीत कशाला?

मध्यसप्तक: टिपणाची सुरुवात कुणापासून करताय? रॉबर्ट जॉन्सन पहिला नको. १९३६-३७ची २९ गाणी थोर आहेत, पण नवख्याला आधी जुन्या ध्वनिमुद्रणाची खरखरच ऐकू येते.

पाचवी तार: तोच पहिला ठेवलाय. त्याच्याशिवाय त्याच्याच वाटेने पुढे गेलेला मडी वॉटर्स कसा समजणार?

लोकल डब्बा: मिसिसिपी जॉन हर्ट घ्या. अंगठा खर्ज सांभाळतो, बाकीची बोटं चाल वाजवतात, दोन गिटारी असल्यासारखं वाटतं. आवाजात कुठे जोर नाही. माझ्या आईला ब्लूजमधला तो एकटाच आवडतो.

जव्हारी: १९२८चा हर्ट की १९६३मध्ये पुन्हा सापडल्यानंतरचा?

लोकल डब्बा: नंतरचा. ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे.

जव्हारी: साफ नामंजूर. १९२८च्या गाण्यांमधली बोटांची चपळाई नंतर नाही. खरखर सोसा, पण तीच ऐकवा.