मदत हवी आहे: गोल्फमधी ड्रायव्हरचा (लांब मारायच्या काठीचा) बॉल उजवीकडेच पळून राहिला

राजेहो, फौजेत असताना गोल्फ शिकलो, हँडिकॅप (खेळाडूचा दर्जा दाखवणारा आकडा, कमी तेवढा चांगला) 14 होता, मंग रिटायर होऊन यवतमाळकडं गावी आलो अन् 6 वर्षं किटला हातच नाही लावला. आता पुन्हा अमॅच्युअर स्पर्धा खेळाची आहे म्हणून हरभरा निघालेल्या वावरात रोज 100 बॉल मारून राहिलो (शेजारचे म्हणतात म्हातारा येडा झाला). आयर्न (लोखंडी डोक्याच्या काठ्या) बरे जातात पण ड्रायव्हर घेतला की बॉल उजवीकडं वळून सिद्धा पऱ्हाटीत, पोट्टे शोधून आणतात. फेस (काठीचं बॉलले लागणारं तोंड) उघडा, म्हणजे उजवीकडं वळलेला राहते हे समजते, पण आधी ग्रिप बदलू की स्विंगची लाईन? अन् हँडिकॅप शेवटच्या 20 पैकी चांगल्या 8 स्कोअरवर धरतात, माझे तर सारे जुने, नव्यानं किती स्कोअरकार्ड लागतील? पटिंगच्या (बॉल हळूच होलात ढकलाच्या) सरावाले सारवलेलं अंगण चालन का भाऊ?