आरोग्य संशोधनाकडे वळण्यासाठी परदेशी पदवी हवीच का?

प्रश्न: मी एमबीबीएस असून दोन वर्षे प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करतो. नवजात मृत्यूंवर संशोधन करावयाचे आहे. त्यासाठी परदेशी पदवी आवश्यक आहे का, आणि निधी कोण देते?

उत्तर 1: आवश्यक नाही. त्रिवेंद्रमचे अच्युत मेनन केंद्र किंवा मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था येथे सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. गडचिरोलीच्या ‘सर्च’ या स्वयंसेवी संस्थेने 39 गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांकडून घरीच नवजात बाळांची काळजी घेतली, तेव्हा तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, म्हणजे जगाने दखल घेतलेले हे काम आपल्याच राज्यातले आहे.

उत्तर 2: निधीसाठी वेलकम ट्रस्ट ही ब्रिटिश धर्मादाय संस्था व केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग यांची 2008 पासूनची ‘इंडिया अलायन्स’ ही संशोधन-निधी संस्था पाहावी, मात्र त्यांच्या फेलोशिप चुरशीच्या असतात, म्हणून आधी अनुभवी मार्गदर्शकाच्या प्रकल्पात काम करणे बरे. माझा पहिला अर्ज (दुसरीकडचा) फेटाळला गेला, कारण तीन वर्षांत न मावणारा प्रश्न मी हाती घेतला होता. संशोधनात सहभागी लोकांच्या हिताची तपासणी करणाऱ्या नीतिमत्ता समितीच्या मंजुरीला लागणारा वेळही वेळापत्रकात धरावा.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मग केंद्रातील जन्म-मृत्यूच्या नोंदवह्यांपासूनच सुरुवात करतो.