हाकेच्या अंतरावर म्हणजे नेमकं किती?

किनारा: अनुवादात अडकलोय. ओळखीच्या शहरातली अंतरं माणसं आठवणीने कशी सांगतात, यावरचा लेख आहे. जास्त वळणांचा रस्ता तेवढ्याच लांबीच्या सरळ रस्त्याहून लांब वाटतो, असं १९८० सालच्या प्रयोगांत दिसलं होतं. पायी सहज जाता येईल अशा जागेला मी 'हाकेच्या अंतरावर' लिहिलं. संपादकांनी ते खोडून 'चालत जाण्याजोगे' केलं. रत्नागिरीत मी जन्मभर पहिलंच ऐकत आलोय. शिवाय मनात धरलेल्या अंतराला एक सुटसुटीत शब्द हवाय.

सडा: संपादकांचं बरोबर आहे. हाक ऐकू आली पाहिजे. कोस हा शब्दसुद्धा 'क्रोश'वरून आलाय, आक्रोशातला क्रोश. ओरडलेलं पोचेल तेवढं अंतर.

किनारा: कोस साधारण दोन मैलांचा, म्हणजे तीन किलोमीटरच्या वर. तेवढ्यावर कुणाची हाक पोचते? अर्थ तिथेच सैल झालेला आहे.

खाडीपलीकडची: हाक पाण्यावरून जाते, पाय जात नाहीत, हे कुणी लक्षातच घेत नाही! आजोळची खाडी अरुंद. तर, म्हणजे माणसं पार नेणारी होडी, पलीकडे असली की आजोबा हाक मारायचे आणि तिकडून ओ यायची. पण तर बंद असेल त्या दिवशी तेच गाव वळशाने अर्ध्या दिवसाचं. दाभोळ-धोपावे बघा. समोर दिसतं, फेरीबोटीने काही मिनिटं. रस्त्याने मात्र चिपळूणवरून फिरून या. तेव्हा हाकेचं अंतर आणि चालायचं अंतर एक नव्हेच.

माडबन: आमच्या मालवणात 'हयसरच आसा, वायच फुडे' म्हणतात. पाहुणे चढ चढून दमतात आणि सांगणाऱ्याला खोटं ठरवतात. तो खोटं बोलत नाही. रोजच्या पायाखालची घाटी त्याला जाणवतच नाही.

सडा: मनात धरलेल्या अंतरासाठी 'स्मृत्यंतर' सुचवतो.

किनारा: भाषांतर, स्थलांतर, मतांतर यांत 'अंतर' म्हणजे दुसरं. 'स्मृत्यंतर' तर धर्मशास्त्रात 'दुसरी स्मृती' या अर्थाने येतो. साधं 'मनातलं अंतर' का नको?

सडा: परिभाषा अशी घरगुती चालत नाही.

माडबन: घरगुती म्हणूनच टिकेल. आणि अंतर म्हणजे तर ओलांडते ते, असं मला नेहमी वाटतं.

सडा: नाही हो. तर 'तॄ' धातूवरून, तरून जाणे. 'अंतर' वेगळा.

खाडीपलीकडची: तर चालवणाऱ्याला तुमच्याकडे तारी म्हणतात की तांडेल? आमच्यात तांडेल मोठ्या होडीवरचा.