चैत्रातली चंदेरी

डिझायनर कपडे रॅम्पवरच शोभतात, आपल्या उन्हात त्यांचा काय उपयोग, हे तुमचं म्हणणं मला नाही पटलं. फॅशन डिझायनर वैशाली शडांगुळे यांनी २०२१ मध्ये पॅरिसच्या ओत कुतुर (मापानुसार हाताने शिवलेल्या उंची कपड्यांच्या) आठवड्यात जे कपडे मांडले, ते हातमागाच्याच कापडाचे. किती अभिमान वाटला तेव्हा!

आणि उन्हाचं म्हणाल, तर मी चैत्र लागला की चंदेरी, म्हणजे असंच हातमागाचं कापड, काढते. उभा धागा रेशमाचा, आडवा सुती. उजेडासमोर धरलं तर पलीकडची बोटं दिसतात, इतकं तलम. पण अस्तर मलमलचंच हवं. एकदा शिंप्याने पॉलिस्टरचं लावलं आणि पाडव्याच्या दुपारी पाठ नुसती भिजून गेली. तेव्हापासून शिवायला टाकताना अस्तराचं कापड मीच घेऊन जाते.